युनिक्सचे कूळ आणि त्याचे वारस

सातपुड्याच्या दक्षिण बाजूला, नागपूरला लागून असलेले पांढुर्णा आणि सौंसर हे मराठीभाषक तालुके २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे झाले आणि त्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. या भागातील संत्रा-उत्पादक ज्या अँड्रॉइड फोनवर नागपूरच्या बाजारातील भाव पाहतो तो फोन, पुण्याच्या आयसर संस्थेत बसवलेला परम ब्रह्म हा महासंगणक आणि अ‍ॅपल कंपनीचा मॅक या तीन यंत्रांच्या आकारात, किमतीत किंवा कामात काहीही साम्य नाही. तरीही ती चालवणाऱ्या तिन्ही प्रणालींची वंशावळ मागे मागे शोधत गेल्यास ती एकाच ठिकाणी, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये जन्मलेल्या युनिक्स या संचालन प्रणालीपाशी येऊन थांबते. मात्र या तिघींपैकी कायद्याने ‘युनिक्स’ म्हणवून घेण्याचा अधिकार एकीलाच आहे, मूळ युनिक्सच्या घराण्यातील कोडही ठळकपणे तिच्याच गाभ्यात आढळतो, आणि जगातील सर्वांत मोठी गणिते मात्र तो अधिकार नसलेल्या दुसरीवर चालतात. एखादी संचालन प्रणाली आपल्या कुळाची खरी सभासद आहे हे ठरवायचे कशावरून, हा प्रश्न त्यामुळे केवळ नावाच्या वादाचा राहत नाही. वर्षानुवर्षे लिहिलेले प्रोग्राम उद्याच्या यंत्रावर चालतील की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

संचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, ही यंत्रातील प्रोसेसर, स्मृती, डिस्क आणि जाळे यांचे वाटप करणारी आणि इतर सर्व प्रोग्रामना ही साधने शिस्तीने वापरू देणारी व्यवस्था होय. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात; यंत्राशी थेट बोलण्याचा अधिकार फक्त त्याला असतो, आणि बाकीच्या प्रोग्रामना काही हवे असेल तर त्यांना ठरावीक विनंत्यांच्या स्वरूपात ते कर्नलकडे मागावे लागते. या विनंत्यांना सिस्टीम कॉल हे नाव आहे. कर्नलच्या भोवती या विनंत्या सोप्या करून देणारी ग्रंथालये, म्हणजे लायब्ररी, असतात. वापरकर्त्याने टंकलेल्या आज्ञा समजून घेणारे शेल असते, आणि फाइली पाहणे, शोधणे, क्रमाने लावणे अशी कामे करणारी लहान लहान अवजारे असतात. कुळाचा विचार करताना हे थर वेगवेगळे ओळखणे आवश्यक ठरते, कारण पुढे दिसेल त्याप्रमाणे एकाच प्रणालीचे वेगवेगळे थर वेगवेगळ्या घराण्यांतून आलेले असू शकतात.

कूळ ठरवण्याची पहिली आणि सर्वांत स्वाभाविक कसोटी रक्ताच्या नात्याची, म्हणजे सोर्स कोडच्या वारशाची आहे. सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मजकूर. त्याचेच भाषांतर होऊन यंत्राला समजणारा प्रोग्राम तयार होतो. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहान संगणकावर सुरू केलेले युनिक्स १९७३ मध्ये सी या नव्या भाषेत पुन्हा लिहिले गेले, आणि एका विशिष्ट यंत्राला जखडून असण्याची संचालन प्रणालींची तोवरची रीत त्यामुळे मोडली. बेल प्रयोगशाळेची मालक असलेल्या एटी अँड टी कंपनीवर १९५६ च्या एका न्यायालयीन समझोत्यामुळे दूरध्वनीखेरीज अन्य धंद्यात उतरण्याची बंदी होती. म्हणून युनिक्सचा कोड विद्यापीठांना नाममात्र शुल्कात परवान्यावर मिळू लागला. थॉम्पसन यांनी १९७५-७६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात काढलेल्या वर्षानंतर तेथे युनिक्सची एक जोमदार शाखा फुटली. बिल जॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढवलेल्या या शाखेला बीएसडी म्हणतात, आणि आजच्या इंटरनेटला आधारभूत असलेले टीसीपी-आयपी हे संपर्कनियम १९८३ च्या ४.२ बीएसडीमुळेच विद्यापीठांत सर्वत्र पोहोचले. दुसरीकडे, १९८४ मध्ये एटी अँड टीचे विभाजन होऊन व्यापारावरील बंदी उठली, आणि कंपनीने सिस्टीम फाइव्ह ही आपली शाखा महागड्या परवान्यांवर विकायला काढली.

रक्ताच्या नात्याची कसोटी न्यायालयात लागली तेव्हा तिच्या मर्यादा उघड झाल्या. बर्कलीच्या प्रोग्रामरांनी दहा-बारा वर्षांत मूळ कोडचा एकेक भाग स्वतः नव्याने लिहून बदलत नेला होता. तरीही एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टीम लॅबोरेटरीज या उपकंपनीने १९९२ मध्ये दावा लावला की बर्कलीचा वारसा आपल्या मालकीच्या कोडवर उभा आहे. १९९४ च्या प्रारंभी तडजोड झाली तेव्हा वादग्रस्त संचातील सुमारे १८ हजार फाइलींपैकी फक्त ३ काढून टाकाव्या लागल्या आणि सुमारे ७० फाइलींवर मालकीहक्काची सूचना घालावी लागली. वंशवृक्षातली ही शाखा थेट मूळ खोडातून फुटलेली होती, तिचा प्रत्येक टप्पा नोंदलेला होता, पण मूळ खोडाचा अंश तिच्यात जवळजवळ उरलाच नव्हता. तिची आजची वारस असलेली फ्रीबीएसडी ही प्रणाली वंशाने युनिक्सच्या सर्वांत जवळच्या नातलगांपैकी आहे, आणि तरीही ‘युनिक्स’ हे नाव लावण्याची तिला मुभा नाही.

नावाची कसोटी ही दुसरी. नॉव्हेल कंपनीने १९९३ मध्ये युनिक्सचा व्यवसाय विकत घेतला, आणि त्याच वर्षी ‘युनिक्स’ हा व्यापारचिन्ह असलेला शब्द कोडच्या मालकीपासून वेगळा काढून एक्स-ओपन या मानक ठरवणाऱ्या संस्थेकडे सोपवण्याचा निर्णय जाहीर केला. १९९६ च्या विलीनीकरणानंतर ते चिन्ह द ओपन ग्रुप या संस्थेकडे आहे. या एका निर्णयाने शब्दाचा कायदेशीर आशयच बदलला, कारण तोवर युनिक्स हे एका विशिष्ट कोडचे नाव होते, आणि त्यानंतर ते एका लिखित मानकाची चाचणी उत्तीर्ण झाल्याच्या प्रमाणपत्राचे नाव झाले. शुल्क भरावे, चाचणीसंच चालवून दाखवावा, करारावर सही करावी आणि नाव लावावे, असा हा मार्ग आहे. आणि हे प्रमाणपत्र प्रणालीच्या विशिष्ट आवृत्तीला मिळते, घराण्याला नव्हे.

परिणाम पाहण्याजोगे आहेत. अ‍ॅपलच्या मॅकवरील प्रणालीने २००७ मध्ये हे प्रमाणपत्र मिळवले, आणि आरंभी उल्लेखिलेल्या तीन यंत्रांपैकी नावाचा अधिकार असलेले यंत्र तेच. आयबीएमच्या मोठ्या मेनफ्रेम संगणकांवरील झेड-ओएस ही प्रणाली युनिक्सच्याही आधी, १९६० च्या दशकात जन्मलेल्या वेगळ्याच कुळातली आहे, तिच्यात अक्षरांची सांकेतिक मांडणीसुद्धा एबसिडिक या निराळ्या पद्धतीची आहे. पण मानकाने सांगितलेल्या सर्व सोयी तिच्यात जोडल्या गेल्या असल्यामुळे तीही अधिकृत युनिक्स ठरली. चीनमधील हुआवेई कंपनीची युलर-ओएस ही लिनक्स या कर्नलवर आधारलेली प्रणाली २०१६ मध्ये प्रमाणित झाली, म्हणजे लिनक्सची एक विशिष्ट बांधणी युनिक्स ठरली आणि तिची बहुतेक सख्खी भावंडे ठरली नाहीत. व्यापारचिन्ह ग्राहकाला हमी देते, आणि सरकारी निविदांच्या जगात त्या हमीला निश्चित किंमत होती; पण जी कसोटी परक्याला घरात घेते आणि घरच्याला दाराबाहेर ठेवते, ती कूळ ओळखण्यासाठी अपुरी आहे असेच म्हणावे लागते.

तिसरी कसोटी वर्तनाची आहे, आणि या विषयातील खरा गाभा तिच्यातच आहे. १९८० च्या दशकात प्रत्येक संगणक-उत्पादकाचे युनिक्स थोडे थोडे वेगळे झाले होते, एका युनिक्ससाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर आणताना महिनोन्‌महिने खर्ची पडत होते. त्यावर उपाय म्हणून आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेने १९८८ मध्ये पोझिक्स हे मानक प्रसिद्ध केले. प्रणाली आतून कशी बांधावी याविषयी पोझिक्स काहीही सांगत नाही. प्रोग्रामने अमुक विनंती केली तर प्रणालीने तमुक उत्तर दिले पाहिजे आणि काम फसल्यास तमुक चूक कळवली पाहिजे, एवढेच ते नेमकेपणाने लिहून ठेवते. दुसऱ्या शब्दांत, हा प्रणाली आणि प्रोग्राम यांच्यातील करारनामा आहे.

या करारातील कलमे कशी असतात हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. युनिक्स कुळात प्रोग्रामने फाइल उघडली की त्याला एक लहानसा पूर्णांक मिळतो. पुढचे वाचणे, लिहिणे आणि बंद करणे हे सगळे त्या अंकाच्या आधारे होते. तो अंक डिस्कवरील फाइलीचा आहे, पडद्याचा आहे की दुसऱ्या प्रोग्रामकडे जाणाऱ्या नळीचा आहे, याची वाचणाऱ्या प्रोग्रामला सहसा पर्वा करावी लागत नाही. बेल प्रयोगशाळेतील डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने १९७३ मध्ये युनिक्समध्ये आलेल्या या नळीला पाइप म्हणतात. एका प्रोग्रामचे उत्पादन दुसऱ्याला थेट आदान म्हणून मिळते, आणि ओळी निवडणारे एक अवजार, क्रम लावणारे दुसरे, मोजणारे तिसरे अशी अवजारे एकामागे एक जोडून वापरकर्ता एका ओळीत असे काम करून घेतो ज्यासाठी एरवी स्वतंत्र प्रोग्राम लिहावा लागला असता. नवा प्रोग्राम सुरू करण्याची रीतही अशीच वैशिष्ट्यपूर्ण आहे: चालू प्रोग्राम आधी स्वतःची हुबेहूब प्रत काढतो, ही कृती फोर्क म्हणून ओळखली जाते, आणि मग ती प्रत आपल्या जागी नवा प्रोग्राम आणून बसवते. या दोन कृती वेगळ्या ठेवल्यामुळे त्यांच्या मधल्या क्षणी नव्या प्रोग्रामचे आदान-उत्पादन कोठे जोडायचे हे ठरवता येते, आणि पाइपची सगळी किमया या फटीतून साधली जाते. ज्या प्रणालीवर हे सर्व अपेक्षेप्रमाणे घडते तिच्यावर या कुळाचा जाणकार पहिल्या दिवसापासून काम करू शकतो.

लिनक्सचा जन्म या कराराचा सर्वांत बोलका पुरावा आहे. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये कर्नल लिहायला घेतला तेव्हा त्यांच्या हाती युनिक्सचा कोड नव्हता. त्यांनी पोझिक्सचा मजकूर मिळवण्याचा प्रयत्न केला, आणि तो सहजी न मिळाल्यामुळे सन कंपनीच्या युनिक्सची माहितीपुस्तके वाचून प्रत्येक सिस्टीम कॉलचे अपेक्षित वर्तन समजून घेतले. त्या कर्नलभोवतीची अवजारे आणि ग्रंथालये रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. त्या प्रकल्पानेही युनिक्सचा कोड न घेता युनिक्ससारखे वागणारी संपूर्ण प्रणाली नव्याने लिहिण्याचा संकल्प केला होता. म्हणजे लिनक्सच्या अंगात मूळ घराण्याचा कोड नव्हता, नाव नव्हते, होता तो केवळ करार. एससीओ कंपनीने २००३ मध्ये आयबीएमवर दावा लावून लिनक्समध्ये युनिक्सचा कोड शिरल्याचा आरोप केला, आणि अनेक वर्षांच्या खटल्यांत त्या कोडचे मालकीहक्क मुळात एससीओकडे नसून नॉव्हेलकडेच असल्याचा निर्णय लागला.

हा करार प्रत्यक्षात किती टिकाऊ आहे याची परीक्षा पुण्यातील सी-डॅक या संस्थेच्या महासंगणकांवर झालेली आहे. अमेरिकेकडून अतिप्रगत महासंगणक मिळण्यात अडथळे आल्यावर भारत सरकारने १९८८ मध्ये ही संस्था स्थापन केली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. ट्रान्सप्युटर या प्रकारच्या अनेक प्रोसेसरांना एकत्र जोडणाऱ्या या यंत्रासाठी प्रोग्राम लिहिण्याचे वातावरणही खास तयार केलेले होते, त्याचे नाव पारस. आणि अशा खास वातावरणासाठी लिहिलेला प्रोग्राम त्या वातावरणाबाहेर नेणे स्वभावतःच कष्टाचे असते. १९९८ च्या परम १०००० मध्ये मात्र दिशा बदलली. सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर उभ्या असलेल्या या यंत्रात १६० प्रोसेसर जोडून सेकंदाला १०० अब्ज आकडेमोडींची कमाल क्षमता गाठता येत होती, आणि त्याची संचालन प्रणाली सोलारिस, म्हणजे सनचे युनिक्स, ही होती. त्यानंतर २००३ मध्ये सी-डॅकच्या बंगळूर केंद्रात उभा राहिलेला परम पद्म आयबीएमच्या पॉवर-४ प्रोसेसरांवर आणि एआयएक्स या आयबीएमच्या युनिक्सवर चालला. त्याची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे १ लाख कोटी आकडेमोडींची, आणि जगातील ५०० वेगवान संगणकांच्या यादीत तो १७१ वा होता. पुन्हा पुण्यात, २००८ मध्ये, परम युवा आला तो इंटेलचे प्रोसेसर आणि लिनक्स घेऊन.

दहा वर्षांत तीन उत्पादकांचे प्रोसेसर आणि तीन वेगवेगळ्या नावांच्या संचालन प्रणाली आल्या, तरी हवामानाची प्रारूपे, रेणूंची गणिते, भूकंपीय विदेचे विश्लेषण यांचे फोरट्रान आणि सी भाषांतील प्रोग्राम प्रत्येक वेळी मुळापासून लिहिण्याची पाळी आली नाही. फाइली उघडणे, स्मृती मागणे, प्रोग्राम सुरू करणे या गोष्टी तिन्हीकडे सारख्याच शब्दांत मागता येत होत्या, आणि प्रोसेसरांनी परस्परांना निरोप कसे पाठवावेत याचे एमपीआय हे स्वतंत्र मानक १९९४ मध्ये तयार झालेले होते. त्यामुळे सोर्स कोडचे नव्या यंत्रासाठी पुन्हा भाषांतर करून घेतले की बरेचसे काम होत असे. बरेचसे, सगळे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. स्पार्क आणि पॉवर प्रोसेसरांवरील या प्रणाली अनेक बाइटांची संख्या साठवताना मोठ्या मूल्याचा बाइट आधी ठेवत, इंटेलचे प्रोसेसर लहान मूल्याचा बाइट आधी ठेवतात. म्हणून सोलारिसवर द्विमान रूपात लिहिलेली संख्यांची फाइल लिनक्सवर जशीच्या तशी वाचली तर उलटसुलट आकडे मिळतात. पोझिक्सने बाइटांच्या क्रमाचे वचन कधीच दिलेले नव्हते. जे वचन दिले ते पाळले गेले आणि जे दिले नाही तेथे माणसाला जागरूक राहावे लागले, आणि कोणत्याही करारनाम्याचे मोल असेच मोजले जाते. सोलारिस-वापरकर्त्याला लिनक्सपुढे बसल्यावर आपण अगदी परक्या घरात आल्यासारखे सहसा वाटले नसावे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातील पहिले ५०० महासंगणक एकजात लिनक्सवर चालतात, आणि पुण्याचा परम ब्रह्म ज्या राष्ट्रीय महासंगणक अभियानातून २०१९ मध्ये उभा राहिला त्याचाही पाया लिनक्सच आहे.

तथापि केवळ लिखित करार पाळल्याने कूळ सिद्ध होते असे मानले तर आणखी एक अडचण उभी राहते. अमेरिकी सरकारच्या खरेदीत पोझिक्सची अट असल्यामुळे मायक्रोसॉफ्टने १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये पोझिक्सचा एक स्वतंत्र कप्पा घातला होता. त्या कप्प्यात पोझिक्सच्या पहिल्या भागातील विनंत्या पूर्ण होत, पण शेल आणि अवजारे सोबत नव्हती, जाळ्याचा वापर करता येत नव्हता, आणि उरलेल्या विंडोजशी त्या प्रोग्रामचे नाते जवळजवळ तुटलेले होते. अटीच्या शब्दाला ही प्रणाली उतरली, परंतु तिच्यावर युनिक्सचा प्रोग्राम आणून नांदवणे फारसे व्यवहार्य नव्हते. उलट टोकाचे उदाहरण प्लॅन ९ या प्रणालीचे आहे. युनिक्स जेथे घडले त्याच बेल प्रयोगशाळेत, थॉम्पसन यांच्याच प्रमुख सहभागाने घडलेली ही प्रणाली १९९२ मध्ये प्रथम बाहेर आली, आणि सर्व साधने फाइलींच्या रूपात पाहण्याचे युनिक्सचे तत्त्व तिने युनिक्सपेक्षाही कठोरपणे पाळले, इतके की जाळ्यातील दूरचा संगणकही तेथे फाइलींच्या रूपातच दिसतो. जन्मदाते तेच, विचार तोच, तरी पोझिक्सचे प्रोग्राम तिच्यावर सरळ चालत नाहीत. त्यासाठी वेगळा जोडथर घ्यावा लागतो. म्हणून प्लॅन ९ ला युनिक्सची वारस म्हणावे, कुळाची सभासद म्हणू नये, असे येथे सुचवावेसे वाटते: सभासदत्व हे कराराचे शब्द पाळण्याने आणि त्या कराराच्या भोवती जमलेल्या प्रोग्रामांना आणि माणसांना नांदू देण्याने, या दोन्हींनी मिळून सिद्ध होते.

वेगवेगळ्या थरांच्या मिश्रणाचा प्रश्न समजण्यासाठी पांढुर्णा-सौंसरच्या संत्राबागांइतके चांगले उदाहरण सापडणार नाही. येथील झाड नागपुरी संत्र्याचे म्हणून ओळखले जाते, पण त्याचे मूळ संत्र्याचे नसते. जंबेरीच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, नागपुरी संत्र्याचा डोळा बांधून कलम तयार होते. जमिनीतले पाणी आणि रोग यांच्याशी झुंजण्याचे काम जंबेरी करते, आणि फळाची जात डोळ्यावरून ठरते. मॅकची प्रणाली अशाच कलमासारखी आहे: तिच्या गाभ्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात विकसित झालेला माख हा वेगळ्या घराण्याचा थर आहे, आणि त्याला जोडून, त्याच्या वर, बीएसडीचा थर आहे, प्रोग्रामना भेटतो तो बीएसडीचा थर, म्हणून फळ युनिक्सचे. अँड्रॉइडमध्ये कलम उलटे बांधले गेले आहे. तेथे खुंट लिनक्स कर्नलचा आहे, पण त्यावरचे सी ग्रंथालय ग्नूचे नसून बायोनिक नावाचे, बराचसा भाग बीएसडीतून घेऊन गूगलने बांधलेले आहे, आणि फोनवरील अ‍ॅप ज्या सोयी मागते त्या मुख्यतः जावासदृश वातावरणातून, अँड्रॉइडच्या स्वतःच्या करारानुसार मिळतात. कर्नलपुरते पाहिल्यास अँड्रॉइड निःसंशय लिनक्स आहे. फळाकडे पाहिल्यास ती स्वतःच एक नवे कूळ आहे, आणि लिनक्सच्या संगणकावरील नेहमीचा प्रोग्राम तिच्यावर आणू पाहणाऱ्याला हे लगेच जाणवते.

भाषेच्या बाबतीत हा फरक मराठी वापरकर्त्याच्या थेट अनुभवाला येतो. पोझिक्सने लोकेल नावाची एक सोय ठरवून दिली आहे: तारीख, महिन्यांची नावे, आकडे आणि चलन दाखवण्याची रीत, अक्षरांचा वर्णक्रम या गोष्टी प्रोग्राममध्ये न कोंबता वेगळ्या नोंदीत ठेवायच्या, आणि वापरकर्त्याने निवडलेल्या नोंदीप्रमाणे सर्व प्रोग्रामनी वागायचे. या नोंदीचे नाव भाषा आणि देश यांच्या संक्षेपांनी बनते, त्यात राज्याला स्थान नाही. म्हणून ग्नू-लिनक्सवर मराठी भाषा आणि भारत देश यांची जी एक नोंद आहे तीच मध्य प्रदेशातील पांढुर्ण्याला, कर्नाटकातील बेळगावला आणि पुण्याला लागू पडते. हिंदी राजभाषा असलेल्या राज्यात राहणाऱ्या मराठी माणसाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. संगणक हिंदीवर ठेवला तर देवनागरी दिसते खरी, परंतु अनेक फॉन्टांत ल आणि श यांची मराठी वळणे स्वतंत्रपणे ठेवलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी असल्याचे सांगितले असेल तरच ती उमटतात. एरवी हिंदी वळणाची अक्षरे समोर येतात. अँड्रॉइडवर मराठी उत्तम दिसते, पण ती या मार्गाने आलेली नसते. बायोनिक ग्रंथालयात पोझिक्सच्या लोकेलची सोय नावापुरतीच आहे, आणि महिन्यांची नावे वगैरे माहिती आयसीयू या वेगळ्या ग्रंथालयाकडून, युनिकोड संस्था सांभाळत असलेल्या भाषामाहितीच्या संग्रहातून येते. पडद्यावर दोन्हीकडे ‘जानेवारी’च दिसत असले तरी ते दोन वेगळ्या घराण्यांतून चालत आलेले आहे.

कुळाच्या आत उपकुळेही असतात, आणि भारताच्या सार्वजनिक क्षेत्रातील सर्वांत ठळक उदाहरण अशाच एका उपकुळातले आहे. सी-डॅकच्या चेन्नई केंद्रातून २००७ मध्ये बाहेर आलेली बॉस, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स, ही मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय असलेली प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेले डेबियन हे लिनक्सचे वितरण आहे. कर्नल, ग्रंथालये, अवजारे आणि हजारो प्रोग्राम यांच्या परस्परांशी जुळणाऱ्या आवृत्त्या निवडून, ठरावीक बांधणीच्या पॅकेजांत घालून वितरण तयार होते. एखादे पॅकेज बसवताना त्याला लागणारी इतर पॅकेजे कोणती, फाइली कोठे ठेवायच्या, जुनी मांडणी नव्यात कशी आणायची याचे डेबियनचे लेखी धोरण आहे. येथे करार प्रोग्राम आणि कर्नल यांच्यातला नसून पॅकेज आणि पॅकेज यांच्यातला आहे. आपल्या नावाविषयीही हे घराणे काटेकोर आहे: मोझिला संस्थेशी व्यापारचिन्हावरून मतभेद झाले तेव्हा डेबियनने २००६ मध्ये फायरफॉक्स हा ब्राउझर आइसवीझल या नावाने द्यायला सुरुवात केली, आणि सुमारे दहा वर्षे तो त्याच नावाने दिला, कोड तोच, नाव निराळे.

एखादे सरकारी वितरण डेबियनच्या घराण्यात खरोखर आहे की नाही, हे त्यामुळे त्याच्या माहितीपत्रकावरून किंवा सुरुवातीच्या पडद्यावरील बोधचिन्हावरून कळत नाही. डेबियनसाठी बांधलेले पॅकेज तेथे काही मोडतोड न करता बसते का, आणि डेबियनमध्ये सुरक्षेची फट बुजवली गेली की ती दुरुस्ती तेथवर वेळेत पोहोचते का, हे पाहावे लागते. डेबियनची प्रत्येक आवृत्ती सुमारे ५ वर्षे सांभाळली जाते; त्या मुदतीनंतरही जुन्याच पायावर उभे राहिलेले वितरण नावाने घराण्यातले असले तरी व्यवहाराने बाहेर पडलेले असते, आणि शाळांच्या व कार्यालयांच्या संगणकांसाठी ही बाब धोक्याची आहे. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त सोर्स सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले, ते योग्यच होते. मात्र असे वितरण एकदा बांधून संपत नाही, ते सतत सांभाळावे लागते, आणि त्यासाठी माणसे व पैसा दरवर्षी लागतो.

घराण्याच्या सभासदत्वाचे याहून कमी बोलले जाणारे लक्षण म्हणजे परतफेड. मराठी लोकेलमधील एखादी चूक एखाद्या वितरणाने फक्त आपल्याकडे सुधारली तर ती दुरुस्ती त्या वितरणाच्या वापरकर्त्यांपुरती राहते, आणि पुढच्या आवृत्तीत मूळ नोंद पुन्हा वरून आली की बहुधा पुसली जाते. तीच दुरुस्ती ग्नूच्या सी ग्रंथालयाकडे पाठवून तेथे स्वीकारली गेली, तर ती तेथून डेबियनच्या पुढच्या आवृत्तीत, डेबियनमधून त्याच्यावर आधारलेल्या उबुंटू या वितरणात आणि बॉसमध्ये उतरते, आणि सौंसरच्या शाळेतील, पुण्याच्या प्रयोगशाळेतील व परदेशातील मराठी घरातील संगणकापर्यंत कोणालाही वेगळी खटपट न करता पोहोचते. हे काम मराठी लिहिता येणारा आणि थोडी तांत्रिक जाण असलेला कोणीही करू शकतो, त्यासाठी कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही, आणि मराठीच्या वाट्याला अशी माणसे अजून फार थोडी आलेली आहेत.